विचारलं असतं तर सांगितलं असतं

‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, एक नंबर कंडिशन.’ चेन्नईतल्या आमच्या मराठी ग्रुपवर या आठवड्यात पुन्हा ही जाहिरात. डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक झिजत नाहीत का? तरी भाचीसाठी बघायला गेलो. नवी सीट कव्हरं, चकचकीत डॅशबोर्ड, मोगऱ्याच्या स्प्रेचा भपका. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेल्या गाळाचा करडा पट्टा. विकणारा शांतपणे म्हणाला, ‘मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात बुडाली होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

हे वाक्य मला सहन होत नाही. माहिती तुमच्याकडे आणि नेमका प्रश्न शोधायचा आम्ही? कुणी विचारू नये म्हणूनच तर कव्हरं बदलली, स्प्रे मारला! एअरबॅगचं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांमध्ये, अगदी खाली असतं. आत शिरलेलं पाणी तिथं लवकर पोचतं. कनेक्टर गंजले असतील, तर एअरबॅग उघडत नाही हे धडक बसल्यावरच कळायचं. आणि मागच्या सीटवरच्या लेकरानं कुणाला विचारायचं होतं? समोरून स्कूटरवर येणाऱ्यानं? सौदा दोघांचा होतो, रस्ता सगळ्यांचा असतो.

‘मेकॅनिक आणायचा’, ‘या भावात अशीच मिळते’ यांवर शब्द खर्च करत नाही.

कायद्यानंही इथं डोळेझाक केली आहे. खासगी गाडी नावावर करायला फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी लागतं. धूर तपासायचा, ब्रेक नाही! फिटनेसची तपासणी थेट १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओकडे नोंद करावी लागते, पण तो कारभार कागदांचा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नोंदणीसह गाडी विकायची, तर ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सीटबेल्ट तपासलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आपल्याकडे टॅक्सीची तपासणी होतेच की, मग विक्रीच्या वेळी खासगी गाडीची का नको?

ऑक्टोबर २०२४ मध्ये पावसाचा इशारा येताच लोकांनी वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांग लावली होती. पाणी गाडीचं काय करतं, हे या शहरात कुणालाही शिकवावं लागत नाही. तेव्हा नियम येईल तेव्हा येईल, तुमची गाडी बुडाली असेल तर विकताना ते आधी, न विचारता, लिहून द्या. भाव कमी येईल. येऊ द्या.