पुसलेला थर

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या. तेव्हापासून जलरंग हेच माझे माध्यम. जलरंगात फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जायचे असते आणि पांढऱ्यासाठी कागदच कोरा राखून ठेवायचा असतो. एकदा गडद रंग बसला की मागे फिरता येत नाही. त्यामुळे ब्रश टेकवण्याआधी हात आपोआप क्षणभर थांबतो.

गेल्या वर्षी मी पेन टॅब्लेट घेतला आणि क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले. पहिले काही आठवडे फजितीचे गेले. हात टेबलावर, नजर पडद्यावर. गोल काढायला जावे तर अंडे व्हायचे! पण एक सोय फार आवडली. कंट्रोल आणि झेड दाबले की चुकलेली रेघ नाहीशी. एकच रेघ मी वीस-वीस वेळा काढू लागले. आणि एक दिवस लक्षात आले, हात थांबायचा बंद झाला आहे.

दोष माध्यमाचा आहे का?

घरी आजी म्हणाली, "यंत्रावरचं ते कसलं चित्र!" मला तसे वाटत नाही. वारली चित्रे पूर्वी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात, आणि ती स्त्रिया काढत. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली. भिंत सुटली म्हणून त्यांची कला खोटी ठरली नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी यांनी तर सत्तरी ओलांडल्यावर आयफोन आणि आयपॅडवर चित्रे काढायला सुरुवात केली. माध्यम बदलणे हा नीती-अनीतीचा प्रश्न नाही.

चूक पुसणे हाही नाही. पेन्सिलची कच्ची रेघ आपण खोडरबराने पुसतोच. नवशिक्याच्या मनातली भीती त्यामुळे कमी होते. मग मला टोचत काय होते?

एक वड आणि एक 'हो'

लहान मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी मला वडाच्या झाडाचे चित्र करायला सांगितले होते. डिजिटल चित्रात एकावर एक पारदर्शक थर ठेवता येतात. मी इंटरनेटवरून वडाचा एक फोटो घेतला, खालच्या थरावर ठेवला, वरच्या थरावर त्याची बाह्यरेषा गिरवली, रंग भरले आणि फोटोचा थर काढून टाकला. चित्र छान दिसत होते. वर्ग घेणाऱ्या ताईंनी विचारले, "सगळं हातानं काढलंस?" मी म्हणाले, "हो."

ते पूर्ण खोटे नव्हते. हात माझाच फिरला होता. ज्याने तो फोटो काढला त्याचे नाव मात्र मी पाहिलेही नव्हते.

दोन आठवड्यांनी वर्गातला सातवीतला एक मुलगा वही घेऊन आला. त्यात सात-आठ वडाची झाडे होती, सगळी खोडलेली. "ताई, तुझ्यासारखं जमत नाही. माझ्या हातात कलाच नाही," तो म्हणाला.

मी पुसलेला थर त्याच्या वहीत जाऊन बसला होता.

हिशेबाची वही काय शिकवते

मी वाणिज्य शाखेत शिकते. चुकलेली नोंद खोडून टाकायची नसते, तिच्यासाठी दुरुस्तीची वेगळी नोंद करायची असते, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल तारखेसह नोंदला गेला पाहिजे आणि ती सोय बंद करता येऊ नये, असा नियम आहे. हिशेबाला इतके कडक नियम आणि चित्राला का नाहीत? कारण हिशेबावर दुसरे लोक विसंबून असतात. माझ्या कच्च्या रेघेवर कोणी विसंबलेले नसते. पण माझ्या 'हो'वर तो मुलगा विसंबला होता. जे पुसले त्यावर कोणाचा विश्वास उभा आहे, हे पाहिले की पुसणे आणि लपवणे यांतला फरक कळतो.

मी लॅपटॉप उघडला आणि तसाच फोटो खाली ठेवून त्याला सगळी कृती दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तुला पण येत नाही?"

"अजून नाही," मी म्हणाले. त्या दोन शब्दांनी अहंकाराला लागले खरे, पण मन हलके झाले. नंतर ताईंनाही सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आता पुढच्या रविवारी दोघं मिळून खरा वड बघून काढा."

आपल्यासाठी

आता मी गिरवले असेल तर चित्राखाली तसे लिहिते आणि मूळ फोटो कोणाचा तेही शोधून लिहिते. रोज एक चित्र काहीही न पुसता काढते. दारातली रांगोळी काढताना ठिपका चुकला तर आई तो सामावून घेऊन पुढे जाते, तसे. ही चित्रे वाकडी येतात, पण हात पुन्हा थांबायला शिकतो आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे असा एखादा काढून टाकलेला थर असतो: कोणाची तरी मदत, कोणाची तरी कल्पना, न सांगितलेले अपयश. आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे शांत बसून पाहूया, आपल्या नीटनेटक्या चित्राकडे बघून कोणी स्वतःला कमी तर समजत नाही ना?