गुण कोणाच्या नावावर? चढाईपटू आणि कर्तेपणाचा प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ म्हणजे मैदानाच्या कडेकडून ठरलेल्या मार्गाने धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. परंतु त्याच्या बहुतेक धावांच्या शेवटी चेंडू त्याच्याकडे येतच नाही, कारण त्याने रक्षकाला आपल्यामागे ओढून नेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत दुसराच कोणी तो झेलतो आणि नोंद त्या दुसऱ्याच्या नावावर होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत तो खेळ रुजलेला नाही. मात्र कर्माचा कर्ता नेमका कोण, हा त्या धावेतून निघणारा प्रश्न येथे, मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत उतरणाऱ्या चढाईपटूच्या बाबतीत, अधिक टोकदार होतो.

चढाईपटूला तीस सेकंदांच्या आत, ‘कबड्डी’चा उच्चार न तोडता, म्हणजेच दम न सोडता, प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन परतायचे असते. गुण न घेता तो परतला तर चढाई रिकामी ठरते आणि गुणफलकावर तिची काहीच खूण राहत नाही. तरीही आघाडीवर असलेल्या संघासाठी वेळ खाणारी रिकामी चढाई अनेकदा गुणाइतकीच मोलाची असते. याहून विलक्षण आहे तो ‘जिवंत’ होण्याचा नियम. कबड्डीच्या संजीवनी, गामिनी आणि अमर या जुन्या प्रकारांपैकी संजीवनी प्रकारातून आलेल्या या नियमानुसार बाद झालेला खेळाडू स्वतःच्या कोणत्याही प्रयत्नाने मैदानात येऊ शकत नाही; सहकाऱ्याने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की जो आधी बाद झाला तो आधी परततो, आणि बोनस गुणाने तर कोणीच जिवंत होत नाही. म्हणजे ज्याच्या नावावर पुढे गुण लागायचा, त्याचे मैदानातले असणेच दुसऱ्याच्या कर्मावर उभे असते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडते तो देह किंवा आश्रय, कर्ता, करणे, म्हणजे इंद्रिये व साधने, निरनिराळ्या चेष्टा, म्हणजे हालचाली व प्रयत्न, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मधील आपल्या टीकेत या पाचांचा सविस्तर विस्तार केला आहे. या विवेचनानुसार जो स्वतःलाच एकमेव कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही. मात्र कर्ता त्या पाचांत आहे, तो वगळलेला नाही, याकडे सहसा दुर्लक्ष होते. व्यासपीठावरून खेळाडूंना ‘फळाची अपेक्षा धरू नका’ असे बजावणाऱ्या पाहुण्यांना बहुधा याच गोष्टीचा विसर पडतो. गुणाची इच्छाच नसलेला चढाईपटू बोनस रेषेकडे पाऊल कशाला टाकील? टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त फलाशेचा त्याग म्हणजे हेतूचा त्याग नव्हे असे प्रतिपादन केले, ते खेळाच्या मैदानावर तर उघडच पटते. सोडायचा आहे तो गुणावरचा एकट्याचा मालकी हक्क.

दैव या पाचव्या कारणाला उल्हासनगरात वेगळे वजन आहे. फाळणीनंतर निर्वासित सिंध्यांच्या कल्याण कॅम्पातून १९४९ साली नावारूपाला आलेल्या या शहरातील अनेक कुटुंबे नानकपंथी परंपरेतली आहेत, आणि त्या परंपरेत ‘हुकूम’, म्हणजे सर्व घडामोडींना व्यापणारी ईश्वरी आज्ञा, ही मध्यवर्ती कल्पना आहे. गीतेत दैव पाचांपैकी एक आहे. हुकमाच्या कल्पनेत मात्र पाचही कारणे सामावतात. तरीही ज्यांचे घरदार एका रेषेने हिरावले त्यांनी हुकूम मान्य करूनच नव्या बराकींतून दुकाने आणि कारखाने उभे केले, यावरून सर्वव्यापी आज्ञा मानल्याने प्रयत्न थांबतो हा आक्षेप निदान व्यवहारात टिकत नाही.

खरी तार्किक अडचण अपयशाच्या वेळी येते. यशाची कारणे पाच असतील तर अपयशाचीही पाचच असणार. मग सुटलेल्या झेलाचा किंवा घोट्यात अडकलेल्या पकडीचा दोष खेळाडूने स्वतःकडे का घ्यावा? श्रेय वाटून घ्यायचे आणि दोष एकट्याने घ्यायचा, ही नम्रता असेल, पण तिला तर्काचा आधार नाही. पाचांपैकी चेष्टा हे एकच कारण उद्याच्या सरावात बदलता येण्याजोगे असल्यामुळे खेळाडूची जबाबदारी तेथवरच पोहोचते, त्यापुढे नाही. आणि हाच निकष श्रेयालाही लावावा लागतो.

संस्था मात्र हा निकष पाळू शकत नाहीत. महाराष्ट्रात शासकीय सेवेतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण प्रमाणपत्रावर मिळते आणि प्रमाणपत्रावर एकच नाव असते. अमेरिकेतही १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, तीही नाव असलेल्यालाच. रक्षकाला ओढून नेणाऱ्या धावेचे किंवा वेळ खाणाऱ्या रिकाम्या चढाईचे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचे, हे दोन्हीकडे अद्याप ठरलेले नाही.