आम्हाला तरी कोणी शिकवलं होतं?

नियुक्तिपत्रांचे ते फोटो सगळ्यांनी पाहिले. 4 ऑक्टोबर 2025 ला एकाच दिवशी राज्यभर दहा हजारांवर जणांच्या हाती आदेश पडले. काही अनुकंपेवरचे, काही लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले. फोटो काढून झाल्यावर पुढं काय होतं, ते मी या मंगळवारी एका तालुक्याच्या कार्यालयात पाहिलं. तेव्हापासून डोकं शांत नाही.

जुन्या फेरफाराची नक्कल हवी होती. खिडकीपाशी नवी महसूल सहायक, तेवीस-चोवीस वर्षांची. तिनं अर्ज दोनदा वाचला, आवक नोंदवहीत नंबर टाकला आणि तो कोणत्या गठ्ठ्यात ठेवायचा हे शेजारच्या टेबलाला विचारलं. तिथले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "आम्हाला तरी कोणी शिकवलं होतं?" मग पलीकडच्या सहकाऱ्याला, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, "त्या अनुकंपावालीला सांगा हो, दर वेळी विचारायला येऊ नकोस म्हणावं."

माणसाला नावानं हाक मारावी, हे मी या स्तंभात कितीदा लिहिलं असेल. पुन्हा लिहितो. 'अनुकंपावाली' या शब्दात त्या मुलीच्या घरातला मृत्यू आहे. ज्यांच्या जाण्यामुळं ती या खुर्चीवर बसली, त्यांची आठवण तिला दिवसातून दहा वेळा, फाइल मागता मागता करून द्यायची? हे बोलताना त्या गृहस्थांनी चहाचा ग्लास कुणाच्या तरी जमिनीच्या कागदावर टेकवला. त्या सवयीबद्दलही मी लिहीत आलोय, आणि लिहीत राहणार.

पण आज विषय त्यांच्या पहिल्या वाक्याचा, 'आम्हाला तरी कोणी शिकवलं होतं?' मी ते शाळेच्या शिक्षक खोलीत ऐकलंय, रुग्णालयात नव्या सिस्टरला सुनावलेलं ऐकलंय, बँकेत पहिल्यांदा कॅश सांभाळणाऱ्या पोराला ऐकवलेलं ऐकलंय. हे मूळचं सासूचं वाक्य. आम्ही नाही का सोसलं? आपल्याला चटका बसला म्हणून पुढचीच्या हातावर निखारा ठेवायचा आणि त्याला वळण लावणं म्हणायचं. घरातल्या सासुरवासावर आपण निदान बोलायला तरी लागलो. कार्यालयातला मात्र अजून 'अनुभव' या नावानं खपतो.

शिवाय हे वाक्य खरंही नसतं. आपल्या कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. हातावरची प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. सांगायला दहा मिनिटं लागतात. हे त्या गृहस्थांना आईच्या पोटातच कळलं होतं? अभिमन्यूलासुद्धा चक्रव्यूह कुणीतरी सांगत होतं. सांगणं अर्ध्यावर राहिलं, म्हणून तो मेला. यांनाही तीस वर्षांपूर्वी कुणीतरी शेजारी बसवून घेतलं असणार, पहिली टिपणी फाडायला लावून दुसरी लिहून घेतली असणार. त्या माणसाला यांनी आपल्या आयुष्यातून पुसून टाकलंय. शिकवण्याचा आळस एक वेळ समजू शकतो. हा कृतघ्नपणा मला सहन होत नाही.

आणि त्याची किंमत कोण मोजतं? ती मुलगी रडून मोकळी होईल. पण तिनं न विचारता चुकीच्या गठ्ठ्यात ठेवलेला अर्ज ज्याचा असेल, तो शेतकरी एसटीचं तिकीट काढून सहा महिने हेलपाटे घालील.

पदं रिकामी आहेत, कामाचा ताण आहे, नवी मुलं मोबाइलमधून डोकं काढत नाहीत. असेल. पण विचारणाऱ्याला गप्प करायला ही सबब पुरत नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. ज्या गटांत नेतृत्व चांगलं, संबंध चांगले, तिथं चुका कमी सापडतील अशी तिची अपेक्षा होती. निघाल्या जास्त. तिचा निष्कर्ष असा की तिथं चूक बोलून दाखवायची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. बाकी ठिकाणी ती झाकली जात होती. त्या खिडकीतली मुलगी अजून विचारते आहे, ही त्या कार्यालयावर झालेली कृपा आहे. ती विचारायची थांबेल, त्या दिवसाची मला धास्ती वाटते.

नोकरीसाठी मराठी टंकलेखन मिनिटाला 30 शब्द लागतं, त्याचं प्रमाणपत्र शासन मागतं. पहिल्या महिन्यात शेजारी कोण बसणार, हे कोणत्या आदेशात लिहिलेलं असतं? आत्मविश्वास काही घरून डब्यात घालून आणता येत नाही. 1989 मध्ये कराचीत 15 धावांवर बाद झालेल्या सोळा वर्षांच्या सचिनला वाटलं होतं, हा आपला पहिला आणि शेवटचा कसोटी सामना. रवी शास्त्रीनं त्याला सांगितलं, घाई करू नकोस, आधी अर्धा तास खेळपट्टीवर काढ. पुढच्या कसोटीत, फैसलाबादला, 59 धावा. एवढी गुणवत्ता असलेल्या पोरालाही वडीलधाऱ्याचं एक वाक्य लागलं.

माझ्या पहिल्या नोकरीतले हेडक्लार्क माझे मसुदे पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. शाईनं केले, तर साहेबांना माझ्या चुका दिसतील म्हणून. मी नीट करून आणलं, की ते खुणा स्वतः खोडरबरानं पुसायचे आणि मगच कागद आत पाठवायचे. त्यांनी मला एकदाही शाबासकी दिली नाही. तिची गरजही पडली नाही.

जाऊ द्या. ज्यांना शिकवायचंच नाही, त्यांना कुठलाही स्तंभ शिकवू शकणार नाही. त्यांनी निदान ग्लास कागदावरून उचलावा.

माझ्या अर्जाचं शेवटी दारातल्या शिपाईमामांनी पाहिलं. ते स्टुलावरून उठून तिच्या टेबलापाशी गेले, एका गठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, अभिलेख कक्षातून फाइल यायची असली की यात. तुमचे बाबा इथं, या कोपऱ्यात तारीख घालायचे. म्हणजे विसरायला होत नाही."

तिनं माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात तारीख घातली, पुढच्या गुरुवारची. मग तीच तारीख माझ्या पावतीवरही लिहून दिली. आणि पुढच्या माणसाला तिनं स्वतःहून विचारलं, "काका, तुमचं काय काम आहे?"