तो एक शॉट आणि चारीतलं पाणी



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५.

अर्जुनाची तक्रार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणतो, मन फार चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. मला या ठिकाणी भगवंताचं उत्तर फार आवडतं, कारण ते अर्जुनाला खोडून काढत नाहीत. आधी मान्य करतात, हो, अवघड आहे, यात शंका नाही. आणि मग दोन शब्द देतात: अभ्यास आणि वैराग्य.

हे दोन शब्द मी कॉलेजपासून ऐकतोय. पण ते एकत्र का सांगितलेत, हे मला नीट कळलं ते गेल्या महिन्यात. आणि हसू नका, गोल्फमुळे!

आम्ही मूळचे इंदापूर तालुक्यातले. आमच्याकडे गोल्फ म्हणजे टीव्हीवर चुकून लागणारी गोष्ट. आम्ही खेळलो ते विटीदांडू. पुण्यात ऑफिसमधला एक मित्र शनिवारी सकाळी ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेला. हातात सेव्हन आयर्न दिली, शेजारी बॉलची टोपली ठेवली. पहिले वीसेक बॉल काय सांगू! काही वेळा नुसतीच हवा कापली, काही बॉल घरंगळत चार पावलांवर थांबले, काही वेळा काठी मॅटवर आपटून मनगटं झणझणली.

आणि मग तो एक बॉल. कसा लागला, माहीत नाही. हाताला काहीच जाणवलं नाही, फक्त टक् असा स्वच्छ आवाज आला आणि बॉल सरळ, उंच, शांतपणे निघाला. मी काठी हातात तशीच धरून बघत राहिलो. मित्र म्हणाला, "आता तू अडकलास!"

खरंच अडकलो. पुढचे तीन शनिवार गेलो, पण खेळायला नाही, तो शॉट शोधायला. आपल्या फील्डमध्ये रिप्रोड्यूस न होणारा बग डोकं खातो, इथे रिप्रोड्यूस न होणारं यश डोकं खात होतं. प्रत्येक बॉल मारला की मनात तुलना. हा त्याच्यासारखा नाही. हाही नाही. बॉल हवेत असतानाच मी नाराज झालेला असायचो.

तिथल्या कोचनी चौथ्या शनिवारी माझं बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही बॉल उचलायला जाताय. उचलायचं काम काठीचं आहे. तिचं तोंड मुळातच तिरकं बनवलंय. तुम्ही खाली, बॉलवर नीट मारा, तो आपोआप वर जाईल."

मी हो म्हणालो, पण ते आत गेलं नाही. आत गेलं ते पुढच्या आठवड्यात, गावी.

वीर धरणातून निघणारा नीरा डावा कालवा आमच्या बारामती-इंदापूरच्या रानांना पाणी देतो. हे पाणी रोज नसतं, आवर्तन सुटलं की पाळीनं येतं. मी पोचलो तेव्हा अण्णा भर उन्हात खोरं घेऊन चारीतलं गवत आणि गाळ काढत होते. पाण्याचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, "अण्णा, केवढं ऊन आहे. पाणी सुटलं की काढू ना."

"पानी आल्यावर चारी काढायची नसती बाळा. तवा उशीर झाल्याला असतो."

"आणि नाहीच आलं तर?"

"मग पुढल्या पाळीला येईल. चारी तर काढल्याली ऱ्हाईल."

एवढंच बोलले आणि परत वाकले. मी दुसरं खोरं घेतलं.

मंडळी, त्या दुपारी मला गोल्फ नाही आठवला. आठवली बेलवाडी.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून पुढे काटेवाडीमार्गे आमच्या तालुक्यात येते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा अण्णांबरोबर गेलो होतो. टाळ-मृदंग, पताका, मधून धावणारा अश्व, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावलेली माणसं. आणि अचानक मी रडत होतो. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. काही क्षण "मी" असा कुणी नव्हताच.

त्यानंतर मी दोन-तीनदा बेलवाडीला गेलो. दर वेळी वाट बघत उभा राहिलो, आता ते होईल, आता होईल. झालं नाही. मग रोजचा हरिपाठही हळूहळू कोरडा वाटायला लागला. त्या क्षणासारखं काही होतच नाही, तर कशाला बसायचं? एक दिवस सुटला, मग आठवडा, मग वर्षं. अण्णांना मी कामाचं कारण सांगितलं. खरं कारण असं होतं, की मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. देवानं एकदा दार उघडलं, आतला माणूस बघितला आणि लावून घेतलं.

चारी काढताना लक्षात आलं, की मी इतकी वर्षं पाणी आणायला बघत होतो. ते माझं कामच नव्हतं.

म्हणून दोन्ही शब्द एकत्र आहेत. अभ्यास म्हणजे चारी काढणं, पुढचा बॉल नीट मारणं, ठरल्या वेळी बसणं. आणि वैराग्य म्हणजे सगळं सोडून जाणं एवढंच नाही. मागचा शॉट सोडणं, हेही वैराग्यच. वाईट शॉट सोडणं त्यातल्या त्यात सोपं आहे. चांगला शॉट सोडणं कठीण, कारण तो आपल्याला आपली कमाई वाटतो. तो प्रसाद होता. प्रसाद खाऊन हात जोडायचे असतात, पावती घेऊन पुन्हा रांगेत भांडायचं नसतं.

मग सुधारायची इच्छाच सोडायची का? अजिबात नाही. पतंजलींनीही योगसूत्रांत हीच जोडी सांगितली आहे, आणि अभ्यास कसा हवा तेही: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला, आणि त्याच स्पर्धेत बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. चार दिवस, २६९ फटके, आणि ब्राँझ एका फटक्यानं हुकलं. गोल्फच्या स्कोअरकार्डवर डोळ्यांचं पारणं फेडणाऱ्या लांब शॉटला एक मोजतात, आणि दोन फुटांवरून ढकललेल्या बॉललाही एकच. सुंदर शॉटसाठी वेगळा रकाना नाही. मला वाटतं, नामाचंही तसंच असावं. रडत घेतलेलं एक आणि जांभई देत घेतलेलं एक, माळेत मणी दोघांनाही एकेकच.

गेल्या सोमवारपासून पुन्हा हरिपाठाला बसतोय. सातपैकी पाच दिवस जमलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. एक दिवस तर मधेच ऑफिसचं डिप्लॉयमेंट आठवत होतं. पण उठताना पहिल्यांदाच मनात तुलना नव्हती.

आजची साधना: तुमचाही असा एखादा "तो शॉट" असेल. एखादी वारी, एखादं कीर्तन, एखादी पहाट. आज त्याला मनापासून नमस्कार करा आणि जाऊ द्या. मग दहा मिनिटं बसा. काही होण्यासाठी नाही, नुसती चारी काढायला.

पाण्याची पाळी त्याच्या हातात आहे.

राम कृष्ण हरी 🙏