गुळवेल, पांढरे उंदीर आणि प्रतिकारशक्ती

गुळवेलीची गणना आयुर्वेदात रसायनांत होते. चरकसंहितेतील मेध्य रसायनांत तिचे नाव येते. रसायन हा एखाद्या विशिष्ट रोगावरचा उतारा नव्हे. शरीराचे बळ राखणे, हे त्याचे काम. हे बळ मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र वनस्पती प्रयोगशाळेत गेल्यावर उभा राहिला.

१९८०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाती घेतला. उंदरांच्या पोटात ई. कोलाय जिवाणू टोचले, की उदरपोकळीत संसर्ग पसरतो आणि बरेच उंदीर मरतात. ज्यांना गुळवेलीचा अर्क दिला होता, त्यांच्यात मृत्यूंचे प्रमाण घटले. अर्कच जिवाणूंना मारत असावा, असे कोणालाही वाटेल. पण परीक्षानळीत त्याने जिवाणूंना धक्काही लावला नाही. फरक पडला होता तो उंदराच्या भक्षक पेशींत. त्या जिवाणू अधिक प्रमाणात गिळत होत्या आणि गिळलेले मारतही होत्या. औषधाने रोगजंतूला हातही न लावता रोग्याला वाचवावे, ही कल्पना प्रतिजैविकांच्या जमान्यात तशी परकीच होती. सायक्लोफॉस्फामाइड या कर्करोगावरील औषधाने पांढऱ्या पेशी घटवलेल्या उंदरांतही गुळवेल उपयोगी पडली. तिची तुलना ग्लुकान आणि लिथियम कार्बोनेट या प्रतिकारयंत्रणेवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांशी करण्यात आली.

हा धागा पुढे माणसांपर्यंत पोचला. पित्ताची वाट अडल्याने होणाऱ्या अवरोधजन्य काविळीत यकृतातील भक्षक पेशी मंदावतात आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग बळावतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ३० रुग्णांच्या अभ्यासात पित्ताचा निचरा होत असताना केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ४० टक्के, तर गुळवेलही मिळालेल्यांपैकी ९२.४ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर वाचले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण रुग्णसंख्या लहान होती, हे विसरता येत नाही.

यानंतर प्रश्न बदलला : अर्कातील नेमके काय काम करते? भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतून जी१-४ए ही बहुशर्करा वेगळी काढण्यात आली. ती उंदरांच्या बी-पेशींना विभाजनास प्रवृत्त करते आणि तिची क्रिया टीएलआर-४ या पेशींवरील ग्राहीशी जोडलेली आढळली. इथे सावधगिरी हवी. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातील अंतर्विषही याच ग्राहीला चेतवते. त्यामुळे अर्कात त्याचा अंश राहिला, तर श्रेय चुकून वनस्पतीला जाते. शिवाय हीच बहुशर्करा आधी दिल्यास अंतर्विषाच्या घातक आघातापासून उंदीर वाचले. आधी चेतवलेली यंत्रणा नंतर संयत वागली, असा त्याचा अर्थ होतो. ‘शक्ती वाढते’ या एका वाक्यात हे मावत नाही.

कोविडकाळात बाजाराने मात्र तेवढेच वाक्य उचलले. घरोघरी काढे शिजू लागले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेत टिनोस्पोरा क्रिस्पा या भाऊबंद वनस्पतीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. पुढच्याच वर्षी अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातील अनेकांचा यकृतदाह स्वयंप्रतिकार स्वरूपाचा होता, म्हणजे चेतलेल्या पेशी स्वतःच्याच यकृतावर उलटल्या होत्या. संसर्गाच्या प्रयोगांसाठी निवडलेल्या निरोगी उंदरांत स्वयंप्रतिकाराचा सुप्त कल नसतो. त्यामुळे तो धोका त्या प्रयोगांतून दिसणे अवघडच होते.