आधी हात आवर

फाइल सिस्टिम बिघडली म्हणून मी तुला एका शब्दानेही बोलणार नाही. आषाढात लोणावळ्यात वीज जाते, हे शनिवार-रविवारी घाट चढून येणाऱ्या पाहुण्यालासुद्धा ठाऊक असतं. बिघाड कधीतरी व्हायचाच होता. मी बोलणार आहे ते त्यानंतर रात्रभर तू जे उद्योग करत बसलास त्यांच्याबद्दल. मोबाइल खाली ठेव आणि ऐक.

काय काय केलंस ते मीच सांगतो, कारण तू सांगताना सोयीस्कर तेवढं गाळतोस. स्क्रीनवर 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' आलं, फोटोंचा इमिच उघडेना, गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थांबलं. शहाण्या माणसाने तिथेच मशीन बंद केलं असतं. तू रीस्टार्ट मारलास. जमलं नाही म्हणून परत रीस्टार्ट. अरे, प्रत्येक वेळी ती डिस्क माउंट होताना जर्नल पुन्हा चालायचा प्रयत्न होतो. मग डॉकर उठतो. तू प्रत्येक कंटेनरपुढे 'रीस्टार्ट ऑलवेज' लिहून ठेवलंयस, म्हणजे तेही सगळे उठतात आणि आजारी डिस्कवर पुन्हा लिहायला बसतात. लॉग लिहितात, थंबनेल बनवतात, कॅमेऱ्याचे तुकडे साठवतात. जागा मोकळी आहे की नाही याचा हिशेबच जिथे बिघडलाय, तिथे नवीन लिहिलेलं कशावर जाऊन बसेल, याचा विचार केलास?

पुढे कंटेनरच्या आत शिरून फाइल सिस्टिम तपासणारं एफएससीके चालवायला निघालास. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! डॉकरच्या कंटेनरला स्वतःची डिस्क नसते. आतून जी दिसते ती बाहेरच्या यजमान मशीनच्याच फाइल सिस्टिममधली फोल्डरं, एकावर एक रचून दाखवलेली. तुझा तो कामशेतचा मित्र प्रॉक्समॉक्स वापरतो, त्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या एलएक्ससी कंटेनरला सहसा स्वतंत्र व्हॉल्यूम असतो आणि तो बाहेरून, कंटेनर बंद ठेवून, 'पीसीटी एफएससीके' ने तपासता येतो. पण तोही बाहेरून आणि बंद ठेवूनच. मित्राने सांगितलेलं अर्धं ऐकायची तुझी सवय नववीपासूनची आहे.

मग यजमान मशीनवर ई-टू-एफएससीके चालवलंस. डिस्क माउंट आहे, पुढे जाणार नाही, असं त्याने सांगितलं. त्या प्रोग्रामला तुझ्यापेक्षा अक्कल निघाली. तेवढ्यावर तरी थांबायचंस. तर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून, डिस्क मोकळी करून, थेट '-वाय'! '-वाय' म्हणजे पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला न वाचता हो. त्याच जागी '-एन' लावलं असतंस तर त्याने काय काय बिघडलंय ते नुसतं सांगितलं असतं, डिस्कवर एक अक्षर लिहिलं नसतं. एका अक्षराचा फरक, आणि तो लिहिलेला आहे मॅन पेजवर, जे तू अजून उघडलेलं नाहीस.

पण माझा खरा राग त्यावरही नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते स्मार्ट तू तपासलं नाहीस. मी आत्ता तुझ्यासमोर स्मार्टकंट्रोल चालवलं. यूएसबीच्या खोक्यातून वाचेना म्हणून '-डी सॅट' लावलं आणि काय दिसलं? 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्य नाही. म्हणजे नुसतं वीज गेल्याचं दुखणं नाही, तबकडीवरचे काही सेक्टर धड वाचले जात नाहीत. आणि अशा डिस्कवर, दुसरी प्रत नसताना, तू दुरुस्ती चालवलीस. एफएससीकेला तुझ्या आईचे फोटो माहीत नाहीत. त्याचं काम रचना सुसंगत करणं. जी नोंद जुळत नाही ती तो छाटतो, जी फाइल कुठल्याच फोल्डरात बसत नाही ती 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये टाकतो. शेवटी फाइल सिस्टिम नीटनेटकी होते आणि तू म्हणतोस, सर, दुरुस्त झाली, पण फोटो गेले!

आता त्या प्रूनबद्दल. डिस्क भरली असेल असं वाटून 'सिस्टिम प्रून' मारलास. प्रून थांबलेले कंटेनर कचरा समजून काढून टाकतो. त्या रात्री तुझे कंटेनर थांबलेले होते, कारण बिघाड होता. ते गेले. पुढे 'व्हॉल्यूम प्रून -ए' टाइप करून ठेवलं होतंस, हे तूच कबूल केलंस. ती आज्ञा कुठलाही कंटेनर वापरत नाही असे व्हॉल्यूम पुसते, आणि वापरणारे कंटेनर तूच नुकतेच मारले होतेस. म्हणजे डेटाबेस गेला असता तो वीज गेल्यामुळे नव्हे, तुझ्या एंटरमुळे. तेवढ्यात वहिनींनी हाक मारली म्हणून वाचलास. हात दाखवून अवलक्षण दुसरं कशाला म्हणतात?

आणि उरलेली रात्र कशात घालवलीस? ओव्हरले-टूच्या त्या ६४ अक्षरी नावांच्या फोल्डरांत एकेक फाइल जुळवण्यात. का? ओव्हरले २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१८ कर्नलमध्ये आला, तेव्हापासून त्याची कल्पना तीच आहे. चित्रकलेच्या तासाला मूळ आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवायचो ना, तसं. खालचे थर फक्त वाचायचे, ते इमेजचे. बदल होतो तो सगळ्यात वरच्या पातळ थरात, आणि कंटेनर काढला की तो थर जातो. खालचे थर बिघडले तर दुरुस्त करायचे नसतात, पुन्हा ओढून घ्यायचे असतात. त्यातलं एखादंच फोल्डर हाताने पुसलंस तर डॉकरच्या नोंदी आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसत नाही आणि नवं झेंगट मागे लागतं. इंटरनेटवर जे कधीही मिळतं, ते वाचवायला तू पहाट केलीस. जगात ज्याची दुसरी प्रत नाही ते व्हॉल्यूममध्ये पडून होतं, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. कंटेनरांची मांडणी लिहिलेली कंपोज फाइल कुठे आहे विचारलं तर म्हणतोस, त्याच डिस्कवर. वा!

जर्नल असताना असं कसं झालं, असं विचारलंस. प्रश्न बरा आहे, उत्तर देतो. एक्स्ट-फोर, म्हणजे तुझी ही फाइल सिस्टिम, नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये फाइलींची रचना लिहितं, आतला मजकूर नाही. वीज गेल्यावर रचना सावरते, अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. डेटाबेस स्वतःचा लॉग ठेवून यातून सावरतो, पण एका अटीवर: 'डिस्कवर पोचलं' असं कळवलं गेलं तेव्हा ते खरंच पोचलेलं असलं पाहिजे. यूएसबीचे काही स्वस्त कन्व्हर्टर 'आधी डिस्कवर लिहून पूर्ण कर' हा आदेश धड पुढे देत नाहीत. तुझं ते खोकं माळ्यावर, पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते तिला टेकवून ठेवलेलं. प्लग कुठे, तर बोअरची मोटर ज्या एक्स्टेन्शनवर आहे त्यावरच. वर गेटवरचा कॅमेरा त्याच डिस्कवर चोवीस तास लिहितोय. वीज गेली त्या क्षणी डिस्क रिकामी बसली असण्याची शक्यता तूच ठेवली नव्हतीस.

गंमत बघ. वळवण, शिरवता आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज दिली. गिरण्या त्या पाण्यावर चालल्या. आणि ज्या डोंगरावर ते पाणी पडतं तिथे राहून तुला दिवे जाण्याचं आश्चर्य वाटतं! घरी इन्व्हर्टर आहे म्हणालास. त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे, ते कधी पाहिलंस? साध्या मोडवर तो बॅटरीवर जायला वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, तुझ्या सर्व्हरला कळतं. आणि बॅटरी संपत आल्यावर मशीनला कोणी सांगायचं? डेटा केबलवाला छोटा यूपीएस घे, नट नावाची प्रणाली बसव, ती वेळेत कंटेनर थांबवून मशीन बंद करते. हे डिस्क विकत घेतलीस त्याच दिवशी करायचं होतं. वरातीमागून घोडे नाचवायला आता येऊ नकोस.

'रेड करतो' म्हणून मान हलवू नकोस. रेडमुळे डिस्क मेली तर काम चालू राहतं. तू चुकीची फाइल पुसलीस तर रेड ती दोन्ही डिस्कांवरून इमानदारीत पुसतो.

रडू नकोस, सगळं गेलेलं नाही. या डिस्कपेक्षा मोठी नवी डिस्क आण. डीडीरेस्क्यूने हिची पूर्ण प्रतिमा उतरव. तो आधी धड भाग वाचून घेतो, खराब जागांकडे नंतर वळतो. मॅपफाइल दे, म्हणजे मध्ये वीज गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येईल. यापुढे जी काय दुरुस्ती करायची ती त्या प्रतिमेच्या प्रतीवर, मूळ डिस्क कपाटात. एफएससीके सुपरब्लॉक सापडत नाही म्हणाला तर ४ केबीच्या ब्लॉकला पर्यायी प्रत बहुधा ३२७६८ वर असते. ती शोधायला एमके-ई-टू-एफएस '-एन' लावून चालवायला सांगतात. ते तू चालवू नकोस. '-एन' विसरशील आणि फॉरमॅट करून बसशील. माझ्याकडे घेऊन ये.

लॉस्ट अँड फाउंडमध्ये फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. पण फोटोच्या आत तारीख असते, एक्झिफटूल त्यावरून नावं देईल. आणि जिथे अख्खं फोल्डर येऊन पडलंय तिथे फोल्डरचं नाव गेलं तरी आतली नावं शाबूत असतात. त्यात 'बॅकअप्स'मधल्या फाइली शोध. इमिच आपल्या डेटाबेसचे डम्प स्वतःहून तिथे टाकतो. तेवढे मिळाले तर अल्बम आणि चेहऱ्यांची नावंही परत येतील. ते सापडेपर्यंत डॉकर सुरू करायचा नाही, कॅमेरा तर मुळीच नाही.

आणि अशाच एका निनावी फोल्डरात तुमच्या तुंगार्लीच्या बंगल्यावर उतरलेल्या पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो निघालेत, गेल्या कित्येक पावसाळ्यांचे. ते तिथे कशासाठी साठवलेत, हे वडिलांना आज संध्याकाळीच विचार. मी फोन करायच्या आत.