बाटली धुतली होतीस का?

आषाढी एकादशीला देव निजतो आणि कार्तिकीला उठतो, हे पंढरपुरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आमचं पाचवं सेमिस्टर साधारण त्या दोन एकादश्यांच्या मध्ये आलं. चातुर्मासात आमच्या घरी प्रत्येक जण काही ना काही नेम धरतो. आजीने कांदा-वांगं सोडलं, आईने रोजचा हरिपाठ धरला. मला बी.एस्सी.चे तीन प्रोजेक्ट होते: हळदीपासून कुंकू, घरच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा आणि चंद्रभागेच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू. आता जर्नलवर सही झाली, तोंडी परीक्षाही झाली. पण परीक्षेत कुणी न विचारलेला एक प्रश्न चार महिने माझ्यासोबत राहिला. शुद्ध कशाला म्हणायचं?

पहिला प्रोजेक्ट सोपा होता. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं होतं. कुंकवासाठी मात्र हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देतात. टाकणखारातलं बोरॉन कर्क्युमिनला धरतं आणि टिकणारा लाल रंग तयार होतो. पंढरपुरात कुंकवाची दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि मी त्या ढिगांकडे पाहतच मोठी झाले. रंग कुठून येतो हे कळल्यावर आजीच्या कपाळावरचं कुंकू नुसतं रसायन वाटेल, अशी मला मनातून भीती होती. तसं झालं नाही. उलट पुढचे काही दिवस मी त्या कपाळाकडे जास्तच पाहत होते.

आजीने विचारलं, "तू केलेलं कुंकू घरी का नाही आणलंस? देवाला लावलं असतं."

"लॅबच्या भांड्यात केलंय गं. त्यात आधी कुणी काय उकळलं असेल, सांगता येत नाही."

"मग नाही आणलंस तेच बरं," ती म्हणाली आणि वाती वळू लागली. तेव्हा ते बोलणं मला किरकोळ वाटलं होतं.

दुसरा प्रोजेक्ट बोअरच्या पाण्याचा. पन्नास मि.ली. पाणी घ्यायचं, त्यात बफर आणि ईबीटी या दर्शकाचे थेंब टाकायचे. पाणी वाइनसारखं लालसर होतं. मग ब्युरेटमधून थेंबाथेंबाने ईडीटीए सोडायचं, शेवटच्या एका थेंबाला ते निळं होईपर्यंत. माझं पहिलं रीडिंग १८.६ आलं, दुसरंही १८.६. तिसरं आलं १९.३. असं झालं की तिसऱ्याच्या जागीही १८.६ लिहायची आमच्याकडे सवय आहे. मीही तेच लिहिलं. कुणाचं काय बिघडणार होतं?

मॅडमनी वही पाहिली, आकड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "ब्लँक घेतलं का?"

ब्लँक म्हणजे नमुना न घालता केलेला तोच प्रयोग. बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, बाकी सगळं तसंच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम काही नसतं, त्यामुळे रंग लगेच निळा यायला हवा. माझ्या फ्लास्कमध्ये तो लालसर आला, आणि निळा व्हायला ०.४ मि.ली. लागलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. मी फ्लास्क शेवटी नळाखाली विसळत होते. जो कठीणपणा मी पाण्यात शोधत होते, त्यातला थोडा मीच फ्लास्कमधून घालत होते, कधी कमी, कधी जास्त. ते १९.३ खोटं नव्हतं. माझी चूक दाखवणारं तेवढंच एक रीडिंग होतं, आणि मी त्यालाच खोडून टाकलं होतं.

त्या दिवशी घरी येताना मला शरम वाटत होती, आणि आकडा चुकला हे तिचं कारण नव्हतं. पाण्याबद्दल काही बोलण्याआधी आपल्या भांड्याची, आपल्या हाताची झडती घ्यायची, आपला वाटा मोजायचा, वजा करायचा आणि मग बोलायचं: ब्लँकचा एवढाच अर्थ आहे. अहंकार सोडा, असं कीर्तनात हजारदा ऐकलं होतं. तो मि.ली.मध्ये मोजून वजा करता येतो, हे मात्र लॅबमध्ये कळलं.

तिसरा प्रोजेक्ट नदीचा. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा आमच्या गावाशी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून इथे ती चंद्रभागा. तिच्यातला प्राणवायू मोजायची पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. आपल्या डॉक्टरेटचं काम करत होता तो तेव्हा. म्हणजे हीसुद्धा मुळात एका विद्यार्थ्याचीच मेहनत. तीनशे मि.ली.ची काचेची बाटली पाण्यात बुडवून भरायची. आत एक बुडबुडा जरी राहिला तरी रीडिंग फुकट. काठावरच मँगॅनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. मग लॅबमध्ये सल्फ्युरिक ॲसिड, की आयोडीन मोकळं होऊन पाणी सोनेरी दिसतं. वाळल्या गवतासारखं फिकट होईपर्यंत थायोसल्फेट सोडायचं, मग स्टार्च. पाणी शाईसारखं निळं होतं, आणि अगदी एका थेंबाला ती निळाई नाहीशी होते. एकदा स्टार्च संपला होता, तर मी घरच्या साबुदाण्याची पातळ पेज करून नेली. एकादशीला फराळात असतो तोच साबुदाणा. निळा रंग आला.

आषाढी वारी यायला आठ दिवस होते. एकही दिंडी गावात शिरली नव्हती. मी तीन ठिकाणचं पाणी घेतलं: गावाच्या वरच्या अंगाला, पुंडलिकाच्या देवळापाशी आणि एक नाला नदीला मिळतो त्याच्या खाली. पहिल्या बाटलीत तपकिरी साका दाट बसला. दुसरीत फिका. तिसरीत जवळजवळ पांढराच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे उघड्या पाण्यात आंघोळ करायची तर लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पंचवीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात तो जास्तीत जास्त आठच्या थोडा वर असतो. तिसऱ्या बाटलीचा आकडा पाचाच्या खूप खाली आला.

हे आजीला सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. ती रोज पहाटे चंद्रभागेला जाते, स्नान करते आणि देवासाठी तांब्याभर पाणी आणते. नाइलाजाने का होईना, सांगितलं. ती रागावेल किंवा हसण्यावारी नेईल, असं वाटलं होतं. तिने शांतपणे विचारलं,

"बाटली धुतली होतीस का?"

मी म्हटलं, होय. घरी धुतली, मग नदीच्याच पाण्याने तीनदा विसळली आणि मगच भरली.

"मग खरं असेल," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मासे कसे राहत असतील गं?"

तेव्हा मला आजीचा तांब्या आठवला. रोज चिंच आणि राखुंडी लावून ती तो घासते, तीनदा विसळते आणि मगच नदीत बुडवते. मी त्याला सोवळं म्हणत होते आणि माझ्या कामाला विज्ञान. दोघींचा पहिला प्रश्न मात्र एकच होता: माझं भांडं कसं आहे?

पण सोवळ्याची गोष्ट एवढीच नाही, आणि पंढरपुरात राहून ती अर्धी सांगणं मला बरोबर वाटत नाही. महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांची भक्ती सगळा महाराष्ट्र गातो, त्यांना जिवंतपणी मंदिरात पाऊल टाकता आलं नाही. कारण सांगितलं जायचं ते शुद्धीचंच. पुढे कित्येक शतकांनी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजी याच गावात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. त्या शुद्धीने कधी ब्लँक घेतलं नाही. समोरच्या माणसाला अशुद्ध ठरवताना आपलं भांडं तपासलं नाही, काही मोजलं नाही, फक्त कोण शिवलं ते विचारलं. पाण्यात काय आहे हे विचारणारी शुद्धी वेगळी आणि पाण्याला कुणाचा हात लागला हे विचारणारी वेगळी. एकच शब्द दोघींना वापरला गेला, आणि त्यात माणसं भरडली गेली. मला आज असं वाटतं की स्वतःपासून सुरू होत नाही ती शुद्धी धर्माचीही नाही आणि विज्ञानाचीही नाही.

हे लिहायला सोपं आहे. वारी झाल्यावर गावात बोलणं ऐकू येतं, की बाहेरच्या लोकांनी नदी घाण केली. मीही ते बोलले आहे. पण माझी तिसरी बाटली वारीच्या आठ दिवस आधीची होती. त्या नाल्याच्या कडेने मी उलट चालत गेले. तो बाजारामागून येतो, दोन गल्ल्यांची गटारं त्याला मिळतात, आणि त्यातली एक आमची. आमच्या मोरीचं साबणाचं पाणी, खरकटं, सगळं त्यातूनच जातं. आजी ज्या नदीतून सकाळी तीर्थ आणते, तिथेच आमच्या घरचं पाणी दिवसभर पोचतं. माझ्या बाटलीतल्या पांढऱ्या साक्यात आमचाही वाटा होता. तो किती, ते मला वेगळं मोजता आलं नाही. पण शून्य नक्की नव्हता.

जर्नलमध्ये निष्कर्षाच्या पानावर मी तसंच लिहिलं: नमुना तीनचा नाला ज्या वस्तीतून येतो, तिथे प्रस्तुत विद्यार्थिनी राहते. बोअरच्या पाण्याच्या पानावरचं तिसरं १८.६ खोडून तिथे १९.३ लिहिलं, शेजारी ब्लँकचं ०.४ लिहिलं आणि खाली कारण दिलं. बाबांनी दिवाळीच्या सुट्टीत मोरीच्या पाण्यासाठी परसात शोषखड्डा खणला. एका घराच्या खड्ड्याने नदीचा आकडा हलणार नाही, हे मला माहीत आहे. आजीने नदीवर जाणं सोडलं नाही. ती आता थोडी वरच्या अंगाला जाते, आणि देवाचं निर्माल्य पाण्यात न सोडता तुळशीच्या बुंध्याशी घालते. आकडा ऐकून तिची श्रद्धा कमी झाल्याचं मला दिसलं नाही. तिला काय करायचं ते कळलं, एवढंच.

कार्तिकी द्वादशीच्या पहाटे शेवटचा नमुना घ्यायला मी घाटावर गेले. थंडी होती, काठाकाठाने टाळ वाजत होते. मी पुंडलिकापाशी बाटली तीनदा विसळून भरली आणि पिपेटने दोन्ही द्रावणं सोडली. शेजारी एक वारकरी बाई लुगडं पिळत होत्या. त्यांनी विचारलं, "काय बघतीस गं लेकरा?"

"पाण्यात जीव किती आहे ते बघते, मावशी."

त्या वाकून बाटलीकडे पाहू लागल्या. मी ती उलटसुलट केली आणि पायरीवर ठेवली. आम्ही दोघी बोललो नाही. साका हळूहळू खाली बसू लागला. दाट नव्हता, पण पांढराही नव्हता.

"आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "कमी आहे, पण आहे."